दीपमाला फोटोवालीच्या दोन लेन्स

तेलंगणातल्या आमच्या गुडीहत्नूरच्या बसस्टँडमागं दीपमालाचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळं तिच्याकडं काय चाललंय ते मला बसल्या जागी कळतं, आणि कळल्यावर मी गप्प बसणाऱ्यातला नाही हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. तिचा सासरा देवाजी माझा दोस्त होता. त्याला ती मामाजी म्हणायची, त्या नात्यानं ती मला काकाजी म्हणते आणि मी तिला हक्कानं टोकतो. तेलुगू गिऱ्हाइकं तिला फोटो अक्का म्हणतात.

देवाजीचे हात थरथरायला लागले तेव्हा स्टुडिओ बंद पडणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्याचा मुलगा सुरज आरटीसी बसवर कंडक्टर, त्याला कॅमेऱ्याचं अंगच नाही. मग वांकिडीकडून आलेली, बारावी झालेली ही सून एक दिवस सासऱ्याच्या स्टुलावर येऊन बसली. बाईमाणूस फोटो काढणार म्हणून वस्तीत महिनाभर हसणं झालं. त्यात मीही हसलो. पुढं बायकांनाच हे बरं वाटायला लागलं, हळदीच्या खोलीत परका पुरुष नको असतो. आता नेरडीगोंड्यापासून आदिलाबादपर्यंतची लग्नं ती करते आणि हसणारे आपल्या मुलींच्या लग्नाची तारीख आधी तिला विचारून ठरवतात.

तिच्या पिशवीत दोन लेन्स असतात. दोन्ही रुंद नजरेच्या. म्हणजे लहानशा खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी सगळं घर फोटोत येतं. आमच्याकडं घरं लहान आणि माणसं फार, इथल्या फोटोवाल्याचं अशा लेन्सवाचून भागत नाही. एक लेन्स देवाजीची, जुनी, हातात घेतली की मनगट खाली ओढणारी. तिच्यावर फूट आणि मीटरचे आकडे कोरलेले आहेत आणि रिंग हातानं फिरवून फोकस लावावा लागतो. दुसरी दीपमालानं घेतलेली. ती स्वतःच चेहरा शोधते, चेहऱ्यात डोळा शोधते आणि डोळा मिळाला की त्याच्यावर चौकोन काढून बसते. आवाजसुद्धा होत नाही.

देवाजी माझा दोस्त असला तरी खरं तेच सांगतो, तो काही मोठा कलाकार नव्हता. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यानं ती लेन्स आणली, एकदाच रिंग सात-आठ फुटांवर लावली, लेन्सचं भोक बारीक केलं आणि रिंग हलू नये म्हणून वरून दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळून टाकली. मग जन्मभर फोकसचा विचार केला नाही. भोक बारीक असलं की चार फुटांवरच्या माणसापासून पार मागच्या झाडापर्यंत सगळं सारखंच साफ येतं. उजेड कमी पडला तर फ्लॅश उडवायचा. त्याच्या फोटोत नवरदेव साफ यायचा आणि नवरदेवामागचा बैलही साफ यायचा. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, बैलाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दीपमालानं ती लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावून एका लग्नात वापरून पाहिली. पट्टी काढून, नीट रिंग फिरवून. नवरी हार घालायला पुढं झुकली आणि मागं झाली, तोवर हिची रिंग अर्धीच फिरली होती. समोर ट्यूबलाइट आली की फोटोवर पांढरी धूळ बसायची, कोपरे काळवंडायचे. "जुनं ते सोनं म्हणणाऱ्याले एका बारातीत उभं करा, काकाजी," असं म्हणून तिनं लेन्स कपाटात ठेवली. मी तेव्हा देवाजीची बाजू घेऊन भांडलो, पण तिचं खरं होतं. नवी लेन्स भोक पूर्ण उघडून अंधाऱ्या खोलीतही बिनफ्लॅशचा फोटो काढते, कडेपर्यंत रेष न् रेष स्वच्छ. फक्त भोक एवढं उघडलं की ज्या अंतरावर फोकस आहे तेवढंच साफ येतं, पुढचं-मागचं विरघळतं. लोकांना तेच आवडतं. नवरी उठून दिसते आणि मागची गर्दी धुरकट होते. नव्या लेन्सच्या रिंगवर आकडे नाहीत, ती नुसती गोल गोल फिरत राहते. आकडे लागतात कुणाला, असं मीही म्हणायला लागलो होतो.

दीपमालाचं आणखी एक काम आहे, आणि ते दुसरे फोटोवाले करत नाहीत. ती मौतीचे फोटो काढते. आमच्या वस्तीत पद्धत आहे. माणूस गेलं की आंघोळ घालून, पांढरी वस्त्रं नेसवून त्याला खुर्चीत बसवतात, मान पडू नये म्हणून मागून कापडानं बांधतात, आणि सगळं घर भोवती उभं राहून एक फोटो काढतं. मग उचलतात. पुढं जलदान विधीच्या दिवशी, भंतेजी येतात तेव्हा, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली गेलेल्याचा फोटो ठेवून त्याला फुलं वाहतात. लग्नसराईत मौतीचं नाव काढलेलं दुसऱ्या स्टुडिओवाल्यांना चालत नाही. दीपमाला मात्र हातातलं काम टाकून जाते. तिचे दोन नियम आहेत. मौतीच्या घरी फ्लॅश उडवायचा नाही, आणि काढलेला फोटो तिथं उभं राहून स्क्रीनवर मोठा करून पाहायचा नाही. रडणाऱ्या लोकांसमोर मेलेल्याचा चेहरा बोटांनी ताणून बघणं तिला माणुसकीला सोडून वाटतं. मला हे नियम फार चांगले वाटायचे.

मागच्या हिवाळ्यात मनकर्णाबाई गेली. ही आमच्याच वस्तीतली. नवरा लवकर गेला, मग जन्मभर गावचे मोठे शेतकरी पांडुरंगराव यांच्या कापसात राबून तिनं दोन पोरं शिकवली. मुलगी वृषाली नेरडीगोंड्याला शाळेत शिक्षिका, मुलगा हर्षदीप मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, क्लार्क. मनकर्णाबाईची एक खोड होती. कुणी कॅमेरा काढला की ती बाजूला सरकायची. हल्ली पोरं फोन वर करतात, तरी ही सरकायचीच, कुणी सांगायची वाटसुद्धा बघायची नाही. जुन्या काळी सांगायचे लोक, ए बाई, फोटोत येऊ नको, बाजूला हो. ते अंगात मुरलेलं. हर्षदीपच्या लग्नातल्या फोटोतही तिनं पदर तोंडावर ओढलेला आहे. आधार कार्डावरचा फोटो पाहून तिनंच विचारलं होतं, हे कोण म्हणून.

त्यामुळं त्या सकाळी दीपमाला दारात पोचली तेव्हा वृषालीनं रडता रडता तिचा हात धरला. "मायचा चेहरा दिसन असा एक काढा, वयनी. आमच्यापाशी एकबी नाई." मी तिथंच उभा होतो.

बाहेर निळं कापड ताणलेलं होतं, त्याच्याखाली सगळ्यांची तोंडं निळी दिसत होती, म्हणून खुर्ची आत खोलीत ठेवली. खोली अंधारी. दीपमालानं नवी लेन्स लावली, भोक पूर्ण उघडलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. समोर अगदी जवळ खुर्चीत मनकर्णाबाई, तिच्यामागं दाटीवाटीनं घरचे, त्यांच्या डोक्यांवर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. चारपाच फोटो काढून तिनं कॅमेरा खाली घेतला, मनकर्णाबाईला हात जोडले आणि बाहेर आली. आम्ही तिला उचललं.

दुसऱ्या दिवशी पत्र्यापलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही म्हणून मी डोकावलो. दीपमाला कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिनं मला खुणेनं बोलावलं. पडद्यावर वृषालीच्या पापण्यांवरचं पाणी दिसत होतं. हर्षदीपची वाढलेली दाढी दिसत होती. बाबासाहेबांच्या टायची वीणसुद्धा मोजून घ्यावी अशी दिसत होती. आणि पुढं खुर्चीत नुसता पांढरा पुंजका होता. पाचही फोटोंत तेच. लेन्सनं डोळे शोधले होते, उघडे डोळे. ते मागं उभ्या असलेल्यांचे होते आणि भिंतीवरच्यांचे होते. मनकर्णाबाईचे मिटलेले होते.

बाईला कालच पोचवून आलो होतो, दुसरा फोटो आता निघणार नव्हता. मीच दीपमालाला सुचवलं की आदिलाबादच्या लॅबमधला करण असल्या कामात पटाईत आहे, तो गेलेल्यांचे डोळे उघडून देतो, त्याच्याकडं पाठव. तिनं पाठवला. संध्याकाळपर्यंत करणकडून एक म्हातारी आली. स्वच्छ, तुकतुकीत, हसरी, इस्त्रीच्या लुगड्यातली. नाक सरळ. मनकर्णाबाईचं नाक बसकं होतं. मी म्हटलं, कोण एवढं बघतं, टेबलावर ठेवतील, फुलं वाहतील, चेहरा दिसल्याशी कारण. झेरॉक्सवाला माणूस मी, प्रत निघाली की माझं समाधान होतं.

"पोरीले समजन, काकाजी," ती म्हणाली. "तिनं मायचा चेहरा मागतला होता. ही तिची माय नाई." तिनं करणचा फोटो पुसून टाकला, आपला तो धुरकट फोटो छापला आणि मला बरोबर घेऊन मनकर्णाबाईच्या घरी गेली.

काय झालं ते तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळे मिटलेले म्हणून लेन्सला सापडली नाही, मोठा करून पाहिला असता तर तिथंच कळलं असतं, मी पाहिला नाही, चूक माझी आहे. वृषालीनं फोटो हातात घेतला आणि बघत राहिली. हर्षदीप मात्र उठून उभा राहिला. तो ऑफिसात कुणाला वर मान करून बोलत नाही असा पोरगा. "भिंतीवरचे दिसले, आमी सारे दिसलो, अन् तुमच्या इतल्या महागाच्या लेन्सले मायी मायच दिसली नाई?"

परत येताना वाटेत मी दीपमालाला म्हटलं की देवाजीनं या गावची तीस वर्षांची लग्नं काढली, मनकर्णाबाई कुठं ना कुठं आली असती, पण ती बाई सरकायची ना. दीपमाला रस्त्यातच थांबली.

"सरकून सरकून किती सरकली असन? मामाजीची लेन्स रुंद होती."

देवाजीच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या, कागदी पाकिटांत, वर घराघरांची नावं. काही एकमेकींना चिकटलेल्या, काहींवर बुरशी. दीपमालानं दोन लग्नं दुसऱ्यांना देऊन टाकली आणि काचेच्या टेबलाखाली दिवा लावून बसली. जलदान विधी जवळ येत होता. मी गिऱ्हाईक नसेल तेव्हा जाऊन बघायचो. मला त्या उलट्या काळ्या-पांढऱ्यात काही कळत नव्हतं, पण दुकानात बसवत नव्हतं. आपण शेजारच्या बाईला जन्मभर बघतो आणि ती गेल्यावर तिचा एक चेहरा निघत नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं. तोवर कधी मनात आलं नव्हतं.

पांडुरंगरावांच्या बहिणीच्या लग्नाच्या पाकिटात ती सापडली. फोटो पंगतीचा होता. पुढं पाटांवर पाहुणे जेवताहेत, तरुण पांडुरंगराव वाकून तूप वाढताहेत. मागं मांडव, मांडवामागं गोठा. आणि उजव्या कडेला, मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या भिंतीला टेकून चार बायका उभ्या. शेवटची मनकर्णाबाई. ती फोटोतून बाहेर सरकून उभी राहिली होती, तिच्या समजुतीप्रमाणं. फोटो झाला की नाही ते बघायला तिनं तोंड वळवलं होतं आणि तेवढ्यात देवाजीनं बटण दाबलं होतं. कडेला थोडी ताणलेली, थोडी काळवंडलेली, पण साफ. कपाळावरचं गोंदण साफ, बसकं नाक साफ. देवाजीनं तिचा फोटो काढलाच नव्हता. त्याच्या लेन्सला निवड करता येत नव्हती म्हणून ती आली होती.

तिच्या हातात जर्मनचा गंज होता. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन आणि पातेल्याला गंज म्हणतात. शेजारी उष्ट्या पत्रावळींचा ढीग. चौघीजणी कशासाठी उभ्या होत्या हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगायला नको.

दीपमालानं आधी नुसता चेहरा मोठा करून पाहिला. तो मोठा होत गेला तसा दाण्यादाण्यांनी फुटत गेला आणि शेवटी डोळा कुठला आणि सावली कुठली कळेना. सगळा फोटो ठेवला तरच चेहरा चेहरा राहत होता. मग तिनं सगळा फोटो छापला, टेबलावर ठेवतात त्याच्या दुप्पट मापाचा, आणि घेऊन गेली. मी होतोच.

वृषालीनं गोंदणावर बोट ठेवलं आणि ती तोंड दाबून रडली. इतक्या दिवसांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. हर्षदीपही आधी वाकून बघत होता, मग एकदम मागं झाला. त्याची नजर गंजावर गेली होती. तो हळू आवाजात दीपमालाला म्हणाला की विधीला ऑफिसचे लोक येतील, पांडुरंगराव येतील, भंतेजी येतील. बाबासाहेबांनी ज्या दिवशी उष्टं सोडायला सांगितलं त्या दिवसापासून आपल्या लोकांनी सोडलं असं आपण भाषणात सांगतो, आणि त्यांच्याच फोटोखाली हे ठेवायचं? एवढा गंज आणि तो ढीग काढून टाका, आजकाल सगळं काढता येतं.

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. दीपमालाला मात्र त्याच्याकडं बघवत नव्हतं. ती खाली बघून म्हणाली, "काढता येते. पण मी नाई काढत, भाऊ. एक डाव मायाकडून तुमची माय सुटली. आता मी तिच्यातलं काई सोडत नाई. दुसऱ्या कोनाकडून करून घ्या."

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली सखूबाई सरकत पुढं आली. सखूबाई मनकर्णाबाईची जोडीदारीण, वेचणीला दोघी एका सरीत असायच्या. तिनं फोटो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि चार बायकांतली मनकर्णाबाईशेजारची आपण आहोत हे ओळखलं. मग बाकी दोघींची नावं सांगितली. त्या दोघी केव्हाच मेल्या होत्या. त्यांच्या घरीही त्यांचा फोटो नव्हता.

हर्षदीपनं तिला विचारलं, तुम्ही तिथं उष्ट्यासाठी उभ्या होता का. त्याला वाटलं असेल ती नाही म्हणेल.

"उष्ट्यासाठीच," सखूबाई म्हणाली. "त्या सालात दोनदा पेरलं अन् दोनदा गेलं. कामच नव्हतं. आमालेबी मालूम होतं बाबासायेबांनी काय सांगतलं ते. तुयी माय तिथं येवाले तयार नव्हती, मीच नेलं तिले ओढून. तिनं त्यातला घास तोंडात नाई घेतला, बापू. घरी आनला अन् तुमा दोघाले चारला. तू लहान होता. लय आवडीनं खाल्लं तू."

हर्षदीप खाली बसला. वृषालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं ठेवू दिला. मग त्यानं फोटो सखूबाईच्या मांडीवरून उचलला, आत नेला आणि फ्रेमवाल्याकडं न्यायला कापडात गुंडाळला. आम्ही निघालो.

विधीच्या दिवशी त्याच निळ्या कापडाखाली टेबल मांडलं होतं. वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली तो सगळा फोटो, जसाच्या तसा. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, लोक ओळीनं येऊन फुलं वाहू लागले. फोटो मोठा, त्यात माणसं पन्नास, त्यामुळं जो तो पुढं येऊन घोटाळायचा आणि ओंजळीतली फुलं तशीच धरून उभा राहायचा. हर्षदीप टेबलाजवळ उभा होता आणि प्रत्येकाला बोटानं दाखवत होता.

पांडुरंगराव काठी टेकत आले. त्यांनी फोटोत आधी स्वतःला ओळखलं, मग बहिणीच्या सासरच्यांना ओळखलं. तूप वाढताना त्या चौघींकडं त्यांची पाठ होती. त्यांची नजर सगळ्या पंगतीवरून दोनदा फिरून आली. तीस-पस्तीस वर्षं जी बाई त्यांच्या शेतात राबली ती त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी हर्षदीपला विचारलं, "यात मनकर्णा कोनती रे?"

हर्षदीपनं फोटोच्या उजव्या कडेला बोट टेकवलं.

"ही," तो म्हणाला. "हातात गंज हाये, ही मायी माय." आणि पांडुरंगरावांना ती नीट दिसेपर्यंत त्यानं बोट उचललं नाही.